घरांतला मुका रोगी

मोठ्या शहरांतील पशुवैद्याच्या दवाखान्यांत संध्याकाळच्या वेळीं जो कोणी घटकाभर बसेल, त्याला एक गोष्ट लवकरच दिसून येते. तेथें येणारा रोगी मुळींच बोलत नाहीं आणि त्याच्याबरोबर आलेलें माणूस फार बोलतें. टोपलींत गुरफटलेलें मांजर असतें, साखळीला बांधलेला कुत्रा असतो. आणि मालक सांगत असतात कीं, परवां पाहुण्यांच्या मुलानें त्याची शेपटी ओढली, काल त्यानें पोळी हुंगून सोडली, बहुधा दृष्ट लागली असावी. डॉक्टर सारें ऐकून घेतात आणि मग तीन प्रश्न विचारतात. हें केव्हांपासून आहे? त्याला घरीं काय काय दिलें? आणि शेवटची लस केव्हां टोंचली? दुखणें कोणतेंहि असो, हे तीन प्रश्न सहसा चुकत नाहींत. आणि ज्या घरीं त्यांचीं उत्तरें तयार असतात, तेथील प्राणी वांचण्याची आशा अधिक असते.

मुंबईंत मुक्या जनावरांच्या औषधोपचाराची परंपरा जुनी आहे. १८७४ सालीं त्या शहरांत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि त्याच सालीं प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्थाहि स्थापन झाली. पुढें सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें परळला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें, आणि १८८६ सालीं तेथेंच पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. त्या काळच्या शहराचा गाडा बैलांच्या आणि घोड्यांच्या बळावर चालत असे. गाडीवान आपल्या बैलाला बैल म्हणूनच ओळखीत असे; त्याचें खाणें, रवंथ, शेण, चाल या सर्वांवर त्याची नजर असे. आज प्राणी तबेल्यांतून दिवाणखान्यांत आला आहे आणि घरांतील लेंकरूं झाला आहे. ही ममतेची वाढ आनंदाची खरी. परंतु तिच्याबरोबर एक चूक घरांत शिरली. लेंकराला जें माप लावावयाचें, तेंच लोक कुत्र्यामांजरालाहि लावूं लागले. डॉक्टरांच्या तीन प्रश्नांपाशीं जी फसगत उघडी पडते, ती बहुतेक या मापाची असते.

पहिला प्रश्न केव्हांपासून हा. मूल दुखलें कीं रडतें. प्राणी दुखणें लपवितो. मांजराचा तर हा स्वभावच आहे. रानांत जो अशक्त दिसेल तो दुसऱ्याचें भक्ष्य होतो, हा जुना धडा त्याला घरच्या गादीवरहि विसरतां येत नाहीं. आजारी मांजर ओरडत नाहीं. तें कपाटामागें जाऊन बसतें, अंग चाटावयाचें सोडतें, खाण्याकडे पाठ फिरवितें. घरचीं माणसें म्हणतात, आज स्वारी रुसली आहे. मांजराचें हें रुसणें दुसऱ्या दिवशीं संपलें नाहीं, तर तें रुसणें नव्हे असें समजावें. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलें, तर त्याच्या अंगांतील चरबी यकृतांत सांचून जिवावर बेतूं शकतें.

याहून तांतडीची अवस्था बोक्याची. बोका वारंवार वाळूच्या पेटींत जाऊन कुंथतो आणि थेंबहि पडत नाहीं, असें दिसलें कीं पुष्कळ घरीं बद्धकोष्ठ समजून एरंडेलाची बाटली शोधली जाते. वस्तुतः त्याच्या लघवीची वाट बंद झालेली असण्याचा संभव असतो, आणि तसें असल्यास एक-दोन दिवसांत रक्तांत विष चढून तो दगावतो. अशा वेळीं रात्र असली तरी सकाळची वाट पाहूं नये.

तापाविषयींहि असाच घोटाळा होतो. कुत्र्यामांजरांच्या अंगचा नेहमींचा उष्मा सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतो. माणसाला जो ताप, तो त्यांचा रोजचा उष्मा. म्हणून कानाला हात लावून ताप ठरविणें व्यर्थ होय. नाक ओलें कीं कोरडें यावरूनहि निश्चित कांहींच कळत नाहीं. त्यापेक्षां ओठ वर करून हिरड्या पाहाव्या. निरोगी हिरड्या ओलसर आणि गुलाबी असतात. त्या पांढुरक्या, पिवळ्या किंवा निळसर दिसल्यास लगेच दवाखाना गांठावा. कांहीं कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात; यासाठीं प्राणी धडधाकट असतांनाच त्यांचा रंग पाहून ठेवावा. गाढ झोपेंतील श्वासहि मोजून ठेवण्यासारखा आहे. निरोगी कुत्र्याचा तो सहसा मिनिटाला ३० च्या आंत असतो.

उन्हाळ्यांत हें माप पुन्हां चुकतें. माणसाला सर्वांगास घाम येतो; कुत्र्याला येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य उपाय, आणि पगसारख्या बसक्या नाकाच्या जातींना तोहि नीट साधत नाहीं. वैशाखांतल्या दुपारीं त्याला डांबरी रस्त्यावर चालविणें किंवा बंद मोटारींत घटकाभर ठेवणें म्हणजे त्याचा जीव धोक्यांत घालणें होय. धापा थांबेनाशा झाल्या, लाळ चिकट झाली, पाय लटपटूं लागले, तर सांवलींत नेऊन अंगावर साधें गार पाणी ओतावें, पंख्याचा वारा घालावा आणि तसेंच त्याला घेऊन डॉक्टरांकडे निघावें.

दुसरा प्रश्न काय दिलें हा. याचें उत्तर देतांना मालकांची मान बहुधा खालीं जाते. एखाद्या वृद्ध बाई मांडीवर मांजर घेऊन सांगतात, "अहो डॉक्टर, अर्धीच गोळी दिली. ताप आला कीं नातवाला देतों तीच." डॉक्टरांना म्हणावें लागतें, "आजी, नातवाचें यकृत ती गोळी पचवितें. मांजराला तें साधत नाहीं." हें शब्दशः खरें आहे. पॅरासिटॅमॉल हें तापावरचें औषध माणसाच्या यकृतांत ज्या रासायनिक क्रियेनें निर्विष होतें, ती क्रिया मांजराच्या यकृतांत फार दुबळी असते. औषध अंगांत सांचतें, रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतें आणि श्वास कोंडतो. एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरते. अर्धीहि सुरक्षित नाहीं. कुत्र्याला आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या दिल्यास पोटांत व्रण होतात आणि मूत्रपिंडें बिघडतात. पशुवैद्यानें सांगितल्यावांचून माणसाच्या औषधांच्या डब्यांतील कांहींहि जनावराला देऊं नये.

स्वयंपाकघरांतहि असेच सापळे आहेत. कांदा आणि लसूण यांनीं कुत्र्यामांजरांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. आमटींत किंवा रश्श्यांत शिजल्यानें त्यांचा दोष जात नाहीं. द्राक्षें आणि बेदाणे यांमुळें कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, आणि किती खाल्ले असतां बाधेल याचा नेम नसतो. म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, त्यांत बेदाणे असतील तर, श्रद्धेनेंहि त्याच्यापुढें ठेवूं नये. चॉकलेटांतील थिओब्रोमीन कुत्र्याच्या हृदयाला बाधतें. जितकें काळें व कडू चॉकलेट तितकें अधिक घातक. बिनसाखरेच्या च्युइंगगमांत झायलिटॉल असतें. त्यानें कुत्र्याची रक्तशर्करा अल्पावधींत धोक्याइतकी उतरते. शिजलेलें हाड तुकडे होऊन घशांत किंवा आंतड्यांत रुततें. आणि मांजर व दूध यांची जोडी गोष्टींत कितीहि शोभली, तरी पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाहीं व त्यांस जुलाब होतात.

कांहीं विषें भांड्यांतून न जातां अंगावरून जातात. फरशी फिनेलनें पुसली कीं घर स्वच्छ वाटतें. पण त्या ओल्या फरशीवरून चाललेलें मांजर मागाहून आपले पंजे चाटतें, आणि फिनेलमधील द्रव्यें त्याच्या पोटांत जातात. फरशी पाण्यानें पुन्हां पुसून कोरडी होईपर्यंत त्याला दुसऱ्या खोलींत ठेवावें. कुत्र्याच्या गोचिडांवर घालावयाच्या कांहीं औषधांत परमेथ्रिन असतें. तें कुत्र्यास मानवतें, मांजरास मात्र मारक ठरतें. फुलदाणींतील खरी लिली तर पानांपासून परागापर्यंत मांजराच्या मूत्रपिंडांना विष आहे.

असें कांहीं पोटांत गेल्याचें कळलें, तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्याचा जुना उपाय करूं नये. अति मीठ हेंच एक विष होय. वेष्टन किंवा बाटली बरोबर घेऊन निघावें आणि किती वाजतां, किती गेलें तें खरेंखरें सांगावें. संकोचानें लपविलेली अर्धी गोळी पुष्कळ वेळां मूळ आजारापेक्षां महाग पडते.

तिसरा प्रश्न लशीचा, आणि येथें केवळ प्राण्याचा नव्हे, तर घरांतील माणसांचाहि जीव पणाला लागलेला असतो. पिलूं सहा ते आठ आठवड्यांचें झालें कीं लशी सुरू कराव्या आणि ठरलेल्या अंतरानें सुमारें सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत पुऱ्या कराव्या. पार्व्हो नांवाच्या रोगानें लहान पिलाला ओकाऱ्या व रक्ताचे जुलाब सुरू होतात. पेज आणि लंघन यांवर दोन दिवस घालविले तर पुष्कळदां फार उशीर झालेला असतो. पावसाळ्यांत तुंबलेल्या पाण्यांत उंदरांचें मूत्र मिसळून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तो कुत्र्याला होतो तसा माणसालाहि होतो, आणि कुत्र्यासाठीं त्याची लस मिळते. त्याच दिवसांत गोचीड वाढतात व रक्तांतील तापाचे रोग देतात. म्हणून फिरून आल्यावर कानांच्या आंत, मानेखालीं आणि बोटांच्या बेचक्यांत रोज पाहावें.

परंतु सर्वांत भयंकर रोग रेबीज. त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं जवळजवळ कोणीहि वांचत नाहीं; आणि वेळीं काळजी घेतली तर तो जवळजवळ नेहमीं टाळतां येतो. ६ जुलै १८८५ रोजीं लुई पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचविली, तेव्हांपासून ही वाट माणसाला मोकळी झाली. भारतांत या उपचाराच्या संस्था कसौलीस १९०० सालीं आणि कुन्नूरला १९०७ सालीं निघाल्या. मेंढ्यांच्या मेंदूपासून केलेली जुनी लस पोटांत टोंचीत असत. त्या चौदा सुयांची धास्ती घरोघरीं अद्याप सांगितली जाते. ती लस भारतांत २००५ पर्यंत बंद झाली. आतांची लस दंडांत देतात व तिच्या थोड्याच मात्रा लागतात. जुन्या भीतीनें आजचा उपचार टाळणें यासारखें दुर्दैव नाहीं.

कुत्र्यामांजराला तीन महिन्यांच्या वयाला रेबीजची लस द्यावी, वर्षानें पुन्हां द्यावी आणि पुढें डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें चालू ठेवावी. आमचें जनावर जिना उतरत नाहीं, त्याला लस कशाला, असें कांहीं मंडळी म्हणतात. पण दार एकदां तरी उघडें राहतें, आणि रस्त्यावरून उचलून आणलेलें गोजिरवाणें पिलूंहि मुलांच्या हातांना चावतें. कोणताहि प्राणी चावला किंवा ओरखडला आणि कातडी फाटली, तर जखम साबण व वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुवावी. हळद, तिखट, चुना यांपैकीं कांहीं भरूं नये. त्याच दिवशीं माणसांच्या दवाखान्यांत जावें. जखमेंतून रक्त आलें असेल, तर लशीबरोबर प्रतिविषाचें इंजेक्शनहि लागतें, तें मागून घ्यावें. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावयाचें असतें तें उपचार सुरू करून. त्याची वाट पाहात उपचार थांबवावयाचा नसतो.

या साऱ्यासाठीं घरांत एक लहानशी वही पुरे आहे. तींत लशींच्या तारखा, महिन्याचें वजन, खाण्यापिण्यांतील फरक, दिलेलें प्रत्येक औषध आणि रात्रीं उघडा असणारा दवाखाना यांची नोंद असावी. ती मुलांकडे सोंपविल्यास उत्तम. मुलांची नजर बारीक असते आणि नियमितपणाहि अंगीं बाणतो. ज्या संध्याकाळीं टोपली उचलून घाईनें निघावें लागेल, त्या संध्याकाळीं ही वहीहि बरोबर घ्यावी. डॉक्टरांचे तीन प्रश्न येतील, तेव्हां मुक्या रोग्याच्या वतीनें तीच उत्तर देईल.