हे कशाला लागत असेल?

जुनं घर रिकामं करताना माणूस कपाटापाशी किंवा भांड्यांपाशी फारसा अडत नाही, तो अडतो डब्यांपाशी. आमच्या इचलकरंजीच्या घरात माळ्यावर गोड्या तेलाचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात बोल्ट, स्प्रिंगा, चामडी पट्ट्यांचे तुकडे, कसले कसले लोखंडी भाग भरलेले. तो अब्बांचा डबा. अब्बा यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करून देणारे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. दारात भंगारवाला उभा होता. "साहेब, सगळं एकदमच घालू का काट्यावर?" असं त्याने विचारलं. मी 'हो' म्हणणार एवढ्यात हाताला एक चिंधीची पुरचुंडी लागली. डब्यातलं सगळं लोखंड उघडं, आणि या एकाच वस्तूला तेवढी चिंधी! मी भंगारवाल्याला म्हटलं, "आज राहू दे."

पुरचुंडीत बोटभर लांबीचा एक हलका तुकडा होता. त्याच्या एका टोकाला तीन बारीक दाते, खाली वाकवलेले. दुसऱ्या टोकाला छोटासा आकडा. मध्ये एक आरपार भोक. आणि भोकाच्या पुढे, दात्यांच्या बाजूला, तांब्याच्या तारेचे सात वेढे घट्ट घातलेले.

घरात तर्क सुरू झाले. बायको म्हणाली, मोडका कंगवा असेल. मुलाला तो स्टोव्हचा भाग वाटला. मला तो जेवणाच्या टेबलावरच्या काट्यासारखा दिसला. मी कविता लिहिणारा माणूस. 'हे कशासारखं दिसतं?' हा माझा सवयीचा प्रश्न. कवितेत तो कामाला येतो, पण यंत्राच्या भागापाशी तो दगा देतो. कंगवा आणि काटा दोघेही आम्हाला दात्यांनी सुचवले, आकड्याचा आणि भोकाचा विचार कुणीच केला नव्हता.

जॉबरच्या मुलाला हे ओळखता येऊ नये याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. पण अब्बांनी मला शेडमध्ये कधी पाऊल ठेवू दिलं नाही. "तू शिक," एवढंच म्हणायचे. मी शिकलो, बी. ए. झालो. अब्बांचे कान मात्र मागांच्या खडखडाटाने गेले. त्यांना ऐकू येईना, आणि मोठ्याने बोलायचा मला कंटाळा. त्यामुळे त्यांच्या कामाविषयी मी कधी काही विचारलंच नाही. आता विचारायचं ते त्या तुकड्यालाच.

मित्रहो, अनोळखी भागाला विचारायचे काही साधे प्रश्न असतात. त्यांना तंत्रज्ञ असावं लागत नाही, नीट बघावं मात्र लागतं.

पहिला प्रश्न, हा कुठे झिजलाय? विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोराचे वळ पडतात, त्यावरून पाणी कुठून ओढत होते ते कळतं. लोखंडाचंही तसंच असतं. गंजलेल्या भागात जिथे चकाकी आहे, तिथे काहीतरी सतत घासत होतं. माझ्या तुकड्याचं भोक आतून गुळगुळीत झालं होतं, म्हणजे तो खिळीवर बसून झोके घेत असणार. दात्यांना एकाच बाजूने चकाकी होती. आकड्याची आतली कड मात्र थोडीच झिजलेली. याचा अर्थ, झोके घेणं हे रोजचं काम आणि आकड्याने काही धरणं हे क्वचितचं.

दुसरा प्रश्न, हा इतका जड किंवा इतका हलका का? यंत्रात वजन उगीच नसतं. घाव सोसणारा भाग जाड असतो. एवढा हलका भाग कुणीतरी दुबळ्याने हलवावा म्हणूनच हलका केलेला असणार.

तिसरा प्रश्न, यात काय नाही? माझ्या तुकड्याला कुठेही धार नव्हती, दात्यांची टोकंही घासून गोल केलेली. म्हणजे तो ज्याला स्पर्श करत होता, ते कापलं जाऊ नये याची काळजी घेतलेली.

आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: हा भाग काढून टाकला तर काय अडेल? एकट्या भागाला अर्थ नसतो. त्याचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांत असतो.

याच प्रकारच्या प्रश्नांनी जगातलं एक फार जुनं कोडं उलगडत गेलं. १९०० साली ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना एक बुडालेलं जहाज सापडलं. त्यातून पुतळे निघाले, भांडी निघाली आणि काशाचा एक गंजलेला गोळाही निघाला. १९०२ साली त्या गोळ्यात दातेरी चाक असल्याचं लक्षात आलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूत दातेरी चाक! हे नेमकं कशाचं यंत्र, यावर पुढे अनेक वर्षं वाद चालला. डेरेक डी सोला प्राइस नावाच्या अभ्यासकाने क्ष-किरणांची छायाचित्रं घेऊन आतल्या चाकांचे दाते मोजायचा प्रयत्न केला आणि १९७४ साली आपले निष्कर्ष छापले. २००५ साली आणखी प्रगत क्ष-किरण यंत्राने त्या तुकड्यांच्या आतले थर पाहिले गेले. एकूण ८२ तुकडे आणि त्यांत उरलेली ३० चाकं.

एका मोठ्या चाकाचे दाते २२३ असल्याचं ठरलं. आता २२३ का? २०० का नाहीत? कारण २२३ चांद्रमास, म्हणजे सुमारे १८ वर्षं ११ दिवस उलटले की ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो. दात्यांच्या संख्येनेच चाकाचं काम सांगितलं. त्याहून गमतीची आणखी दोन चाकं होती. दोघांनाही दाते ५०-५०. सारख्या दात्यांची जोडी वेग वाढवतही नाही आणि कमीही करत नाही, मग ती ठेवली कशाला? नीट पाहिल्यावर दिसलं की एका चाकावरची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत अडकते, आणि दोघांचे मध्यबिंदू अगदी किंचित बाजूला आहेत. त्यामुळे एक चाक एकसारखं फिरलं तरी दुसरं कधी जरा भरभर, तर कधी जरा सावकाश फिरतं. आकाशातला चंद्र असाच चालतो. निरर्थक वाटणारी ती जोडी चंद्राची चाल दाखवत होती. हे २००६ साली जगापुढे आलं.

तर अशा वस्तूपुढे बसताना एक पथ्य पाळायचं. आपला तर्क असा मांडायचा की तो चूक असेल तर चूक ठरवता यावा. "पूजेची वस्तू असेल, शोभेची असेल," हे म्हणणं सोपं. ते खोटं ठरवताच येत नाही. "हे चाक ग्रहणं मोजतं" म्हटलं, की दात्यांची संख्या जुळलीच पाहिजे.

मीही माझा तर्क तसा कागदावर मांडला. हा तुकडा खिळीवर झोके घेतो. त्याला हलवणारी गोष्ट नाजूक आहे. डबा जॉबरचा, म्हणजे ती गोष्ट धागा असावी. धागा असेपर्यंत आकडा काही धरत नाही. धागा तुटला की तो काहीतरी पकडतो. तारेच्या वेढ्यांपुढे मी लिहिलं, 'मोडल्यावर केलेली डागडुजी.'

तो कागद आणि तुकडा घेऊन मी अब्बांच्या हाताखाली शिकलेल्या एका अण्णांकडे गेलो. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ साली. त्यानंतर गावात जॉबरांच्या पिढ्या झाल्या, त्यांतले हे अण्णा. त्यांनी तुकडा बोटावर तोलला आणि हसले.

"फोर्क हाय ह्यो. आडव्या सुताचा राखणदार."

म्हणजे नाव माझ्या पहिल्या तर्कासारखंच, काटा! पण नावाने काम कुठे कळतं? काम अण्णांनी सांगितलं. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो आणि उभ्या धाग्यांमधून आडवा धागा टाकतो. हा फोर्क मागाच्या एका बाजूला बसवलेला असतो. फणी पुढे येते तेव्हा तिच्या बाजूच्या जाळीसमोर आडवा धागा ताणलेला असतो. तो दात्यांना हलकेच ढकलतो. दाते सरकले की मागचा आकडा वर उचलला जातो. त्याच्याखालून एक लोखंडी हातोडी सारखी पुढंमागं होत असते, ती मोकळी जाते. पण धागा तुटला किंवा कांडी संपली, तर दात्यांना कुणी ढकलत नाही. आकडा खालीच राहतो, हातोडी त्याला धरून ओढते, खटका पडतो आणि माग थांबतो.

असा फोर्क नसता तर? एका कामगाराकडे कितीतरी माग. आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. धागा तुटला तरी माग चालतच राहिला असता आणि कापडात रिकामा पट्टा पडला असता. कापडाचा तो पट्टा म्हणजे कामगाराच्या मजुरीतली कपात. बोटभर तुकडा मिनिटाला पन्नासेक वेळा तरी चाचपून बघतो की धागा आहे ना. आठ तासांच्या पाळीत हे चोवीस हजार वेळा झालं.

"आणि ही तार?" मी विचारलं. "मोडला होता का?"

अण्णा गंभीर झाले. "मोडला न्हवता. ही तार कंपनीची न्हवं, उस्तादांची हाय. नाजूक सूत आलं की त्येला फोर्क उचलायचा न्हाई. सूत असूनबी माग बंद पडायचा. मग उस्ताद पुढल्या अंगाला तार गुंडाळायचे. पुढं वजन वाढलं की मागचं शेपूट हलकं. पर वेढं मोजून! एक जादा झाला तर सूत तुटलं तरी माग थांबायचा न्हाई."

कागदावरचा माझा शेवटचा तर्क मी खोडला. अब्बा आयुष्यभर लोखंड ठोकत होते असं मी समजत होतो. ते सुताच्या एका धाग्याला किती ओझं पेलेल, ते तारेच्या वेढ्यांनी तोलत होते. डागडुजी म्हणून मी ज्याच्याकडे बघितलंही नव्हतं, तेच त्यांचं खरं काम होतं.

मित्रहो, साध्या मागांची जागा आता बिनधोट्याचे माग घेत आहेत, आणि जुने माग किलोवर विकले जात आहेत. तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. शिलाई यंत्राचा, घड्याळाचा, पाण्याच्या इंजिनाचा. त्यातला तुकडा ओळखणारं माणूस अजून असेल, तर तराजू यायच्या आधी त्याला विचारा. माणूस नसेल, तर तुकड्याला विचारा. तो सगळं सांगणार नाही, पण बरंच सांगेल.

आमचा डबा भंगारात गेला नाही. फोर्क माझ्या टेबलावर असतो. येणारा-जाणारा विचारतो, "हे काय हो?" मी उत्तर देत नाही. तो त्याच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, "आधी सांगा, कुठे झिजलंय?"