आई-बापाचे ऑपरेशन : कर्ज काढण्याआधी



दुखणे सांगून येत नाही, आणि आले की घरातला पैसा घेऊनच जाते. अंगणात पाय घसरून म्हातारी पडते, खुब्याचे हाड मोडते. डॉक्टर सांगतात, ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावे. त्यांचे खरेच आहे. म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले की पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया गाठतो. पण ऊस अजून रानात उभा आणि बिलाला अवकाश. मग दुभती म्हैस बाजाराची वाट धरते, डोरले गहाण पडते, पोरगा सावकाराच्या पायरीवर जाऊन बसतो. हे पाहून आईच म्हणते, "राहू दे रं, माझं काय राहिलंय आता?"

हे बोलणे कोणत्याही आईच्या तोंडी येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट क्रमाची. आपल्याकडे आधी पैसे भरतात आणि मागाहून योजना शोधतात. फसगत होते ती इथेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ साली तिला फुल्यांचे नाव मिळाले. आता कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत होतात. मात्र पैसे आपल्या हातात येत नाहीत. योजनेतल्या रुग्णालयात, योजनेत बसणारा उपचार बिनपैशाने होतो. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. तेव्हा गाडी शहराकडे वळवण्याआधीच फोन करून विचारावे, "दवाखाना योजनेत आहे का? हे ऑपरेशन बसतं का?" तिथल्या आरोग्यमित्राला गाठावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर असू द्यावे.

दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही मेहेरबानी नव्हे, कायद्याने घातलेले बंधन आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवकाकडे अर्ज द्यावा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचे पैसेही रुग्णालयाच्याच खात्यात जमा होतात. म्हणून तोही अर्ज रुग्ण भरती असतानाच गेला पाहिजे.

एवढे करूनही खर्च उरतोच. जाणे-येणे, सोबतच्या माणसाचे जेवण, घरी आल्यावरची औषधे, बुडालेली मजुरी हे कोणत्या योजनेत बसायचे? गावाची वर्गणी लागते ती इथे. ती मागायला लाजू नये आणि देणाऱ्याने उपकाराची भाषा करू नये. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला, त्यामागे शेतकऱ्यांनी थोडे थोडे करून जमवलेले भागभांडवलच होते. थोड्या थोड्या पैशाची ताकद आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

पण सहकारात हिशेब आला. डॉक्टरांचा लेखी अंदाज आधी घ्यावा. योजनेतून काय सुटते ते त्यातून वजा करावे आणि राहील तेवढीच रक्कम मागावी. वही एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे असू द्यावेत. शंभराची असो की पाच हजारांची, प्रत्येकाची नोंद व्हावी. काम झाले की हिशेब सोसायटीच्या फळ्यावर लागावा, आणि शिल्लक राहिली तर ती सर्वांच्या संमतीने पुढच्या गरजवंतासाठी ठेवावी. हिशेब चोख असला की दुसऱ्या खेपेला गाव मागण्याआधी देते. तो ढिला पडला की शिक्षा पुढच्या घरातल्या आजाऱ्याला होते.

आमचे सांगणे इतकेच : घरात सत्तरी ओलांडलेले माणूस असेल तर कार्ड याच महिन्यात काढून घ्या. हाड मोडल्यावर रांगेत उभे राहण्यापेक्षा आज अर्धा दिवस मोडलेला बरा.