आधी समोरच्याचं वाक्य संपू द्या

इम्प्रॉव्ह, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी रंगवायचं नाट्य, म्हटलं की डोळ्यांपुढे हजरजबाबी माणूस येतो, चारचौघांत एकामागून एक कोट्या करणारा. त्यामुळे एखाद्या बुजऱ्या माणसाला ‘इम्प्रॉव्हच्या वर्गाला जा, धीटपणा येईल’ असं कुणी सुचवलं, तर तो आणखीच आक्रसतो. आपल्याला विनोद सुचत नाहीत, तिथे आपली काय गत होणार, असं त्याला वाटतं. हा समज मुळापासून तपासायला हवा, कारण या कलेचा जन्म विनोदातून झालेला नाही. शिकागोच्या हल हाउसमध्ये नीवा बॉइड यांच्या हाताखाली शिकलेल्या व्हायोला स्पोलिन १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी रोजगार योजनेत नाट्यविभागाचं काम पाहत होत्या. त्यांच्यापुढे होती ती स्थलांतरितांच्या आणि गरीब वस्त्यांतली मुलं. त्यांना अभिनयाचे धडे देण्यापेक्षा खेळात गुंतवलं की ती मोकळी होतात, हे स्पोलिन यांनी हेरलं आणि त्यासाठी खेळ रचले. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी १९५९ मध्ये सहकाऱ्यांसह ‘सेकंड सिटी’ ही नाट्यसंस्था सुरू केली, तेव्हा कुठे या खेळांचं विनोदी रंगभूमीशी घट्ट नातं जुळलं.

खेळाने माणूस मोकळा होतो, कारण त्याचं लक्ष स्वतःवरून उठतं. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. संकोची माणूस बोलताना निम्मं बोलतो आणि निम्मा स्वतःकडे पाहत असतो: आवाज कापतोय का, हात कुठे ठेवू, लोक काय म्हणतील. लोक खरं तर फारसं काही पाहत नसतात. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्याजणांच्या तरी ते लक्षात आलं असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्शाच्या लक्षात आलं. पण ‘कुणी तुझ्याकडे बघत नाहीये’ असं नुसतं सांगून धीर येत नाही. लक्षाला दुसरीकडे काम द्यावं लागतं, आणि इम्प्रॉव्हचे खेळ ते देतात. एक साधा खेळ घ्या: समोरच्याच्या वाक्यातल्या शेवटच्या शब्दाने आपलं वाक्य सुरू करायचं. तो म्हणाला, ‘काल बाजारात पहिला हापूस दिसला.’ तुम्ही म्हणायचं, ‘दिसला खरा, पण भाव ऐकून हात मागे घेतला.’ त्यावर तो, ‘घेतला असतास तर आज आमरस झाला असता.’ यात चमकदार असं काही नाही. मात्र वाक्य पुरतं संपेपर्यंत ऐकल्याखेरीज पुढचा शब्दच हाती लागत नाही. जो मनात आपलं उत्तर जुळवत बसतो तो हमखास अडतो. दोन फेऱ्यांत आपण रोज किती अर्धवट ऐकतो, हे उघडं पडतं. शिवाय ऐकण्याचा हा गुण लोकांना आवडतो, याला आधार आहे. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संभाषणांचा अभ्यास केला, तेव्हा समोरच्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं अधिक आवडती ठरली. असा प्रश्न घरून ठरवून आणता येत नाही.

‘पण सुचलं तर पाहिजे ना!’ ही पुढची शंका. ब्रिटिश नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टन यांनी ‘इम्प्रो’ या १९७९ च्या पुस्तकात याची उलट बाजू मांडली आहे. काहीतरी वेगळं बोलायच्या धडपडीत माणूस गोठतो आणि सगळ्यांसारखंच बोलतो. जे सहज, उघड वाटतं ते बोलला, तर त्यात त्याचं स्वतःचं काहीतरी उतरतं. आयत्या वेळचं बोलणं बिनतयारीचं असतं, हाही गैरसमजच. आपल्याकडे सिंधुदुर्ग आणि गोव्यातला दशावतार पाहावा. लिहिलेली संहिता नाही, संवाद रंगमंचावरच घडतात, पण कथानक ठरलेलं असतं आणि पुराणं कलाकाराच्या अंगात मुरलेली असतात. शब्द आयत्या वेळचे असतात, त्यांच्यामागची बैठक वर्षानुवर्षांची.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो इम्प्रॉव्हमधल्या ‘हो, आणि’ या सूत्राचा: समोरच्याने मांडलेलं स्वीकारायचं आणि त्यात भर घालायची. पण प्रत्येक गोष्टीला मान डोलवायची, असा त्याचा अर्थ लावला जातो आणि भिडस्त माणसाच्या बाबतीत तो घातकच ठरतो. रंगमंचावर एकाने म्हटलं, ‘डॉक्टर, ही बकरी रात्रभर झोपत नाही.’ दुसरा म्हणाला, ‘बकरी कुठाय? ही तर पिशवी आहे,’ तर प्रवेश तिथेच मेला. ‘म्हणून तुमच्याही डोळ्यांखाली काळं आलंय वाटतं,’ म्हटल्यावर तो चालू लागतो. स्वीकार होतो तो समोर मांडलेल्या वास्तवाचा. मागणीला नकार देता येतोच: ‘रविवारी माल पोचायला हवा, हे खरं. आणि मी रविवारी गावी आहे, तेव्हा शनिवारी यादी तयार करून देतो.’ यात नकार स्पष्ट आहे, तरी समोरच्याची अडचण झिडकारलेली नाही.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा: व्यक्तिमत्त्वातलं आकर्षण जन्मजात असतं, शिकून येईल ते सोंग. स्वित्झर्लंडमधले जॉन अँतोनाकिस आणि सहकारी यांनी २०११ मध्ये दाखवलं की दृष्टान्त, गोष्ट, विरोध अशी वक्तृत्वाची साधनं शिकवल्यावर ऐकणाऱ्यांना तीच माणसं अधिक प्रभावी वाटली. ते झालं व्यासपीठावरचं. ओट्यावरच्या, ऑफिसातल्या गप्पांत तंत्राचा वास आला तर लोक दुरावतात, हे मान्यच करायला हवं. पण लक्षपूर्वक ऐकण्याचं सोंग फार वेळ टिकत नाही. ऐकलं नसेल तर दुसऱ्याच वाक्याला पितळ उघडं पडतं.

मग इम्प्रॉव्ह हे लाजेवरचं रामबाण औषध आहे का? नाही. २०२० मधल्या एका अमेरिकन प्रयोगात वीस मिनिटांच्या इम्प्रॉव्हनंतर अनिश्चितता सोसण्याची तयारी वाढलेली दिसली. तेवढाच वेळ ठरलेले संवाद म्हणणाऱ्या गटापेक्षा ती जास्त होती. निष्कर्ष आशादायक, पण वीस मिनिटांपुरता. डेट्रॉइट परिसरातल्या शाळांत दहा आठवड्यांच्या वर्गांनंतर सामाजिक भीतीची लक्षणं असलेल्या मुलांमध्ये ती कमी झाल्याचं २०१९ मध्ये नोंदवलं गेलं. मात्र तुलनेसाठी वर्गाबाहेरचा गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय खेळांना देता येत नाही. जो मुलगा तोंडी परीक्षाच चुकवतो, जी मुलगी महिनोन्महिने फोन उचलत नाही, त्यांच्या बाबतीत प्रश्न सरावाच्या पलीकडे गेलेला असतो. तिथे आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठावा. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच मोफत उपलब्ध आहे. उपचारांना जोड म्हणून खेळांचा वर्ग लावायचा की नाही, हे मग त्यांच्याशी बोलून ठरवता येतं.