हात माझा, ग्रिप दुसऱ्याची!

नेम चुकतो तेव्हा आपण डोळ्याला दोष देतो, मनाला देतो, नशिबाला देतो. मुठीत धरलेल्या लाकडाकडे मात्र कुणी बघत नाही.

माझा हात छोटा आहे. बांगड्या घेताना आई दुकानदाराला ‘दोन दोनच्या दाखवा’ म्हणायची, यापलीकडे त्या गोष्टीचं मला कधी काही वाटलं नव्हतं. अमरावतीत एअर पिस्तूल शिकायला लागले आणि तोच हात आडवा आला.

आमच्या क्लबमध्ये पिस्तुलं दोन आणि आम्ही अकरा जण. एक फुल साइझ, एक कॉम्पॅक्ट. कॉम्पॅक्टची नळी आखूड, वजनही थोडं कमी, म्हणून ती आपोआप ‘पोरींची’ झाली. मला वाटलं, चला, छोट्या हाताला छोटं पिस्तूल, विषय संपला. पण कॉम्पॅक्ट असतं ते पिस्तूल. त्याला मागे बसवलेली लाकडी मूठ, म्हणजे ग्रिप, ती होती मीडियम. त्यात आधी ज्या दादाने ते वापरलं होतं त्याने स्वतःच्या तळहाताच्या मापाने त्यात पुट्टी भरून ठेवलेली. म्हणजे मी रोज संध्याकाळी त्या दादाच्या हाताचा साचा धरून नेम मारत होते.

तीन महिने माझे शॉट डावीकडे. घड्याळात आठ आणि नऊ वाजतात ना, बरोब्बर तिथे. मी साइट फिरवली, श्वास बदलला, यूट्यूबवर एकाग्रतेचे व्हिडिओ पाहिले, एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून कॉफी सोडली. मग मनाशी ठरवलं की आपल्यात ते टॅलेंटच नाही. पुढच्या महिन्याची फी भरायची नाही, असं घरी सांगूनही टाकलं होतं.

त्या आठवड्यात सर मागे येऊन उभे राहिले. टार्गेटकडे पाहिलंच नाही त्यांनी, माझ्या बोटाकडे पाहत होते. म्हणाले, ‘‘पोरी, तुयं बोट ट्रिगरवर पोचूनच नाही राह्यलं व. तू त्याले टोचून राह्यली.’’

खरंच तसं होतं. ग्रिप जाड, त्यामुळे तर्जनीचं फक्त टोक ट्रिगरला लागायचं. टोकाने दाबलं की जोर सरळ मागे न येता तिरपा जातो आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट बहुतेक वेळा डावीकडे ढकलला जातो. बोट पोचावं म्हणून मी नकळत सगळी मूठच फिरवून धरत होते. त्यामुळे मनगट, कोपर आणि नळी एका रेषेत यायचीच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा तिरपेपणाने काय होतं? गणित करू. एअर पिस्तूल 10 मीटरवरून मारतात. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तुलावरच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण 33 सेंटीमीटर धरा. साइटमध्ये फक्त 1 मिलिमीटरची चूक झाली की टार्गेटवर ती होते 30 मिलिमीटर. म्हणजे दहाचा थेट सात. कॉम्पॅक्टमध्ये दोन साइटमधलं अंतर कमी असलं, तर तीच चूक आणखी मोठी होते.

मोठ्या नेमबाजांच्या मुलाखतीत आपण ‘मानसिक ताकद’ वगैरे वाचतो. ती असतेच. पण कोल्हापूरच्या राही सरनोबतचा इव्हेंट आठवा. 25 मीटर पिस्तूल, ज्यात तिने 2013 मध्ये चांगवॉनला वर्ल्ड कपचं आणि 2018 मध्ये जकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. त्यातल्या रॅपिड टप्प्यात हात खाली 45 अंशात ठेवून उभं राहायचं. खूण मिळाली की 3 सेकंदांत हात वर आणायचा आणि एकच गोळी मारायची. 7 सेकंद थांबायचं, परत तेच. तीन सेकंदांत साइट जुळवत बसायला वेळ कुठून येणार? हात वर येतो तेव्हा साइट आधीच जुळलेली असावी लागते. आणि ती जुळवून आणते ग्रिप.

सरांनी मला तपासायची जी रीत शिकवली ती कुणीही करून पाहू शकतं. पिस्तूल रिकामं आहे याची आधी खात्री करायची, नळीत सेफ्टी फ्लॅग घालायचा, तोंड टार्गेटकडेच. मग नेहमीसारखं धरायचं, डोळे मिटायचे, हात वर न्यायचा, डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप तुमची. दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसली तर ग्रिप दुसऱ्याची. दहा वेळा करा, कारण पहिल्या दोन-तीन वेळा आपण स्वतःला फसवतो. मी दहापैकी नऊ वेळा डावीकडे होते.

मग प्रश्न आला नवीन ग्रिपचा. पिस्तूलच दीड-दोन लाखांच्या घरात. ग्रिप वेगळी विकत मिळते, स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत, डावी-उजवी वेगवेगळी, पण परदेशातून मागवायची म्हणजे बिल पाच आकडी. शिवाय एका मॉडेलची दुसऱ्याला बसेलच असं नाही. मोरिनीची स्टायरला चालत नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही स्क्रूची जागा वेगळी असू शकते. (मोरिनी पिस्तुलांच्या आधी ग्रिपसाठीच नावाजली होती, हे मला नंतर कळलं. यावरून लाकडाचं महत्त्व समजा.)

ऑर्डर देणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. मित्राच्या मापावर जाऊ नका. उंची आणि हाताचा आकार यांचाही संबंध लावू नका. कागदावर हात पसरून पेन्सिलने बाह्यरेषा काढा, तळव्याची रुंदी मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. दोन मापांच्या मधे अडकलात, तर लहान घ्या. लहान ग्रिपमध्ये भर घालता येते. मोठी घेतली तर कोरायची, आणि कोरलेलं लाकूड परत येत नाही.

आम्हाला क्लबच्याच एका जुन्या कपाटात त्या मॉडेलची स्मॉल ग्रिप सापडली. कडा उडालेली, पॉलिश गेलेली, अक्रोडाची. ‘घे माय, हिलेच तुयी कर,’ सर म्हणाले.

पुढचे तीन रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात भारी रविवार होते. कानस, पॉलिश पेपर आणि हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील. होय, नळाची गळती बंद करतो तेच. तळहाताला निळा खडू चोळायचा, ग्रिप धरायची, सोडायची. जिथे खूप निळं लागलं तिथे लाकूड टोचतंय, तिथे हलकेच घासायचं. जिथे निळं लागलंच नाही तिथे पोकळी आहे, तिथे एम-सीलचा पातळ थर. ओलं असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीवरून धरायचं, म्हणजे हाताचा ठसा उमटतो. मग सुकू द्यायचं आणि परत खडू. घाई केली की वाट लागते. मी एकदा केली, अंगठ्याखालचा सगळा भाग खरवडून पुन्हा भरावा लागला.

तीन जागा सगळ्यात महत्त्वाच्या. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी नळीच्या रेषेच्या जितकी जवळ, वर, जाईल तितकी चांगली. तर्जनी ट्रिगरवर जाताना बाजूच्या लाकडाला अजिबात शिवायला नको, मधून उजेड दिसला पाहिजे. आणि तळहाताच्या खाली जी सरकणारी पट्टी असते, पाम शेल्फ, ती हाताला फक्त टेकायला हवी. नवशिके ती घट्ट आवळतात, हात अगदी जखडल्यासारखा वाटतो आणि छानही वाटतं. पण तिसाव्या शॉटला बोटं बधिर होतात, आणि मॅच असते साठ शॉटची, 75 मिनिटांची.

आपल्याकडचा आणखी एक प्रॉब्लेम म्हणजे घाम. मे महिन्यात अकोल्यात 45 डिग्रीत गुळगुळीत पॉलिशची ग्रिप धरून पाहा, साबणासारखी निसटते. त्यामुळे पृष्ठभागावर बारीक टोचे मारून तो खरबरीत ठेवतात. मी वार्निश लावणार होते, चकचकीत दिसावं म्हणून. सरांनी डबाच काढून घेतला.

पहिल्या स्पर्धेत आणखी एक धडा मिळाला. मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोल असतो. ट्रिगरला वजन लावून बघतात, एअर पिस्तुलात तो किमान 500 ग्रॅमचा हवा. आणि पिस्तूल एका पेटीत घालून बघतात, 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटर. लांबी-उंचीचं कुणाला टेन्शन नसतं. अडतं ते 50 वर, कारण सगळ्यात जाड भाग ग्रिपचाच. माझं पिस्तूल पेटीत शिरेना. अंगठ्यासाठी मी प्रेमाने जो रुंद टेकू बनवला होता, तो दोन-अडीच मिलिमीटर बाहेर!

माझ्या डिटेलला पाऊण तास होता. कॉरिडॉरमध्ये फरशीवर बसले आणि घासायला लागले. पॉलिश पेपर माझ्याकडे नव्हताच, शेजारी बसलेल्या एका अनोळखी मुलीने स्वतःच्या किटमधला काढून दिला. तिची डिटेल माझ्याबरोबरचीच होती, म्हणजे ती माझी प्रतिस्पर्धी. दुसऱ्यांदा पेटीत घातलं तेव्हा पंचांनी ते किंचित हलवलं, आणि गेलं आत. हातावर भुसा तसाच घेऊन फायरिंग पॉइंटवर गेले. तिथे ‘कडं काढा’ म्हणाले, कारण पिस्तूल धरायच्या हातात कडं, घड्याळ, बँड काहीच चालत नाही आणि मनगट स्पष्ट मोकळं दिसलं पाहिजे. बांगड्यांचा हिशोब तिथे कायमचा मिटला.

आधी 600 पैकी माझे 502 व्हायचे. त्या दिवशी 527 झाले. मेडल नाही, कट-ऑफही नाही. पण टार्गेटच्या प्रिंटवर शॉट मधल्या काळ्याभोवती चारी बाजूंना पसरलेले होते. डावीकडचा तो गठ्ठा गेला होता. आता ज्या चुका होत्या त्या माझ्या होत्या.

माझी अकोल्याची मैत्रीण डावखुरी आहे. तिच्या क्लबमध्ये डावी ग्रिपच नाही, त्यामुळे दोन वर्षं ती उजव्या हाताने मारतेय. तिला मी कारोली ताकाचची गोष्ट सांगितली. हंगेरीचा हा सैनिक, 1938 मध्ये ग्रेनेड फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला आणि 1948 आणि 1952 अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकला. ती म्हणाली, ‘‘त्याले डावी मूठ कोनं बनवून देली असंन व?’’

मला उत्तर आलं नाही. पण आता आम्ही दोघी परतवाड्याला जाऊन सागवानाचा एक तुकडा घेऊन आलोय. सुतारकाकांनी चौकोनी कापून दिलाय, तिच्या डाव्या हाताची पेन्सिलची रेषा त्यावर काढून झाली आहे. सागवान अक्रोडाइतकं चांगलं कोरलं जाईल का, हे येत्या रविवारी कळेल. सरांना अजून सांगितलेलं नाही.