हवा कमी करत गेलो

कॉलेजच्या रस्त्याला कोपऱ्यावर पंक्चर काढणारे एक मामा बसायचे. उभ्या पंपावर दोन्ही पाय रोवून ते विचारायचे, ‘टाईट मारू ना?’ याला उत्तर एकच असे. हवा भरून झाली की टायर अंगठ्याने दाबून बघायचा, अंगठा आत गेला नाही की समाधान. आपल्याकडच्या वाल-ट्यूबला मीटर लावायची सोयच नव्हती, त्यामुळे अंगठा हेच मोजमाप. टाईट हवा म्हणजे सायकल हलकी आणि पंक्चर कमी, एवढं सायकलशास्त्र पुण्यात सगळ्यांना पाठ होतं. सपाट डांबरी रस्त्यावर ते खरंही होतं. डोंगरावर ते चुकीचं आहे हे कळायला मला वीसेक वर्षं लागली. डोंगरात सायकल चालवण्याच्या खेळाचा इतिहास नंतर वाचला तेव्हा दिसलं की ज्यांनी तो सुरू केला त्यांनाही जवळपास तेवढाच काळ लागला होता. जरा बरं वाटलं.

1993 साली दहावीनंतर मला रेंजर मिळाली. तोपर्यंत घरात वडिलांची काळी सायकल होती, 28 बाय दीडच्या टायरची. रेंजरचे टायर जाडजूड, गाठीगाठींचे. त्या गाठी बघूनच मी पहिल्या रविवारी वेताळ टेकडी गाठली. चढताना अर्धा वेळ सायकल ढकलली, तो भाग सोडून देऊ. उतरताना मात्र टाईट हवेचे ते टायर प्रत्येक दगडावरून उडत होते. हँडल हातात राहत नव्हतं, दात एकमेकांवर आपटत होते आणि वळणावर सुटा मुरूम लागला तेव्हा पुढचं चाक सरळ निघून गेलं. मुरमावर टणक टायर म्हणजे फरशीवर सांडलेल्या वाटाण्यांवर पाय देणं. कोपर सोललं. सोमवारी मामांकडे जाऊन मी काय केलं असेल? आणखी हवा भरून घेतली.

तेव्हा मला माहीत नव्हतं की तो जाड टायर मुळात कमी हवेसाठीच जन्माला आला होता. 1933 मध्ये अमेरिकेत श्विन कंपनीने सव्वादोन इंचाच्या आतबाहेर, म्हणजे 2.125 इंच रुंदीचा ‘बलून’ टायर सायकलला बसवला. गिऱ्हाईक कोण, तर शाळकरी पोरं. ती फुटपाथवरून सायकल उडवणार, खड्ड्यात घालणार, तरी रिम टिकली पाहिजे. भरपूर हवा, पण कमी दाबाने, ही त्यातली युक्ती. चाळीसेक वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतल्या काही केसाळ तरुणांनी भंगारातून याच जुन्या सायकली उचलल्या आणि टमाल्पायस डोंगराच्या परिसरात उतारावरून सोडायला सुरुवात केली. 21 ऑक्टोबर 1976 रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली ‘रिपॅक’ शर्यत झाली. साडेतीन किलोमीटरच्या आतच चारशे मीटरची उतरण. मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून हे नाव. त्यांच्यातल्या गॅरी फिशरने तो उतार 4 मिनिटं 22 सेकंदांत उतरला होता. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने 1977 मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली, तरी चाक तेच ठेवलं, 26 इंची. कारण त्या मापाचे जाड टायर दुकानात मिळत होते.

म्हणजे पुढची तीसेक वर्षं जगभर ज्या मापाच्या माउंटन बाइक विकल्या गेल्या, ते माप ठरलं भंगारातल्या पोरांच्या सायकलींवरून. इंग्लंडमध्ये जेफ ॲप्स नावाचा एक हिकमती माणूस त्याच सुमारास वेगळा विचार करत होता. चिखलात चालायचं तर चाक मोठं आणि हवा अगदी कमी हवी, असं त्याचं म्हणणं. त्याने फिनलंडहून नोकियनचे बर्फावरचे टायर मागवले, काही फिशर आणि त्याचा साथीदार चार्ली केली यांनाही पाठवले. त्यांना ते आवडलेही. पण फिनलंडहून पुरेसे टायर येईनात, आणि 26 इंचाने बाजी मारली. 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर सायकल मोठ्या संख्येने बाजारात आली आणि मग तो विषयच मिटला. निदान 1999 पर्यंत. त्या वर्षी डब्ल्यूटीबी कंपनीने 29 इंची नॅनोरॅप्टर टायर काढला. 2012 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरित्झबर्गला निनो शुर्टर 27.5 इंची चाकांवर विश्वचषकाची फेरी जिंकला. ही दोन्ही मापं ॲप्सच्या फिनिश टायरांचीच होती, नवं होतं ते नाव.

या सगळ्यात नव्वदचं दशक मात्र उलट्या दिशेने गेलं. माउंटन बाइकच्या शर्यती मोठ्या झाल्या, 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला आणि लोक टायर तराजूवर टाकू लागले. हलका हवा म्हणून अरुंद, दोन इंचाच्याही खालचा. अरुंद म्हणून टाईट, चाळीस-पन्नास पीएसआय. रिम आतून 17 ते 19 मिलिमीटर. बलून टायरचा सगळा शहाणपणा त्यांनी गमावला आणि मामांच्या पंक्तीला येऊन बसले.

त्यांना फार दोष देता येत नाही, कारण अडचण ट्यूबची होती. हवा कमी केली आणि चाक दगडाच्या धारेवर आपटलं की ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटते. मग शेजारीशेजारी दोन भोकं, साप डसल्यासारखी. सायकलवाले त्याला स्नेक बाइटच म्हणतात. आणि सह्याद्रीचा बेसाल्ट तर नुसत्या धारांचाच बनलेला आहे. एकीकडे हवा कमी केल्यावर मिळणारी पकड हवीहवीशी, दुसरीकडे दर तासाला ठिगळ लावत बसायची तयारी नाही.

ती पकड किती, याचा साधा हिशेब मी एकदा वहीत मांडला होता. माणूस आणि सायकल मिळून मागच्या चाकावर 56 किलो भार येतो असं धरा. 40 पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 2.8 किलो. टायरचा स्वतःचा ताठपणा सोडला तर जमिनीला टेकणारा भाग झाला 20 चौरस सेंटिमीटर. हवा 20 पीएसआयवर आणली की तोच भाग 40 होतो. गाठी तितक्याच, रबर तेच, पण जमिनीला धरणारं दुप्पट. शिवाय टायर छोट्या दगडांवरून उडण्याऐवजी ते पोटात घेतो, म्हणून खडबडीत वाटेवर सायकल उलट जास्त सहज पळते. वहीतलं गणित पटलं, तरी अंगठ्याला पटायला वेळ लागला.

ट्यूब काढून टाकायचा मार्ग 1999 मध्ये माविकने हचिन्सन आणि मिशलँ यांच्यासोबत बाजारात आणला, पण त्याला खास रिम आणि खास जड टायर लागायचा. 2001 च्या सुमारास स्टॅन कोझियाटेक या अमेरिकी गृहस्थाने साध्या रिमला टेप, एक व्हॉल्व्ह आणि आत लॅटेक्सचं पांढरं द्रावण असा घरगुती वाटणारा उपाय विकायला काढला. भोक पडलं की हवेबरोबर द्रावण बाहेर येतं आणि भोकातच साकळतं. कॅलिफोर्नियात याचा उपयोग असेलच, पण मला विचाराल तर हा शोध बाभळीसाठी लागलाय. आमच्या टेकड्यांवर ट्यूबच्या टायरने जायचं म्हणजे बाभूळ आणि हिवरीचे काटे मोजायला जायचं.

मी स्वतः ट्यूबलेस झालो 2014 मध्ये. त्याआधी टायर विकत घेतानाच एकदा फसलो होतो. डब्यावर 26 बाय 1⅜ लिहिलेला टायर दुकानदाराने ‘छब्बीसच आहे साहेब’ म्हणून दिला, मीही घेतला. तो रिमवर नुसता लोंबत होता. अपूर्णांकातला 26 आणि दशांशातला 26 ही दोन वेगळी घराणी आहेत. बाजूच्या भिंतीवर बारीक अक्षरांत लिहिलेला मिलिमीटरचा आकडा खरा. माउंटन बाइकच्या 26 चा तो 559, आणि मी आणलेल्याचा होता 590. तेव्हापासून चष्मा लावल्याशिवाय मी टायर घेत नाही.

बसवायची पहिली रात्र बायकोला अजून आठवते. टायर बसवायचं खरं तंत्र हाताच्या जोरात नाही. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट खाचेत ढकलत आणायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा, म्हणजे तिथे सैलपणा मिळतो आणि पाना लावायची गरजच पडत नाही. हे मला मामांनी कधीच दाखवलेलं होतं. ट्यूबलेसचा पेच पुढचा आहे. कडा रिमवर चढून बसायला एकदम भसकन हवा लागते, आणि माझा पायपंप नुसता फुसफुसत होता. साबणाचं पाणी लावून झालं, देवाचं नाव घेऊन झालं. शेवटी रात्री अकरा वाजता स्कूटरच्या पंक्चरवाल्याकडे, व्हॉल्व्हला पितळी ॲडाप्टर लावून, कंप्रेसरने. टाक, टाक असे दोन आवाज आले आणि कडा बसल्या. मी बाटलीतून शंभर मिली द्रावण आत सोडताना तो पोरगा म्हणाला, ‘काका, टायरला दूध पाजताय व्हय?’ पुण्याच्या उन्हाळ्यात ते दूध दोन-तीन महिन्यांत आटतं आणि आत रबराचे गोळे उरतात. ही तक्रार कुठल्या जाहिरातीत वाचायला मिळत नाही.

त्यानंतर हवा उतरतच गेली. पस्तीस, तीस, अठ्ठावीस. रिम रुंद झाल्या, आतून 30 मिलिमीटर, त्यावर 2.4 इंची टायर. आता पुढे 21, मागे 24. पुढचा टायर मऊ रबराचा, बाजूच्या गाठी उंच आणि सुट्यासुट्या, कारण वळण आणि ब्रेक त्याच्या जिवावर. तो घसरला की माणूस थेट खाली. मागचा कमी गाठींचा, जरा कडक रबराचा, लवकर झिजतो म्हणून स्वस्तातला. पावसाळ्यासाठी विरळ गाठींची एक जोडी वेगळी ठेवून पाहिली. पण काळ्या मातीचा चिखल एकदा चिकटला की कुठलीच गाठ दिसत नाही आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मी ती जोडी देऊन टाकली आणि जुलैत मुरमाच्या वाटा धरतो. बाणाची दिशा बघून टायर चढवायचा आणि त्यावरचं नाव बरोबर व्हॉल्व्हशी आणायचं, हे मी अजून पाळतो. लोकांना तो नखरा वाटतो. पण ट्यूबमध्ये भोक कुठे आहे ते कळलं की टायरमध्ये काटा कुठे शोधायचा ते त्या खुणेवरून लगेच समजतं.

गेल्या हिवाळ्यात वेल्ह्याच्या बाजूला एका उतारावर मागच्या टायरची भिंत दगडाने चिरली. बोटभर चीर, दूध सगळं मातीत. पिशवीत आणीबाणीची ट्यूब होती, किती वर्षांपासून ते मलाच आठवत नव्हतं. घडीवर घासून तिलाही भोक पडलेलं. मग कातळावर बसून मामांच्या पद्धतीने घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर मारली, ठिगळ दाबलं. चिरेच्या आतून बिस्किटाच्या पुड्याचा दुमडलेला कागद ठेवला. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवला आणि झटकन मागे घेतला. इतके महिने दुधाने निमूट झाकून ठेवलेले काटे आत टोकं काढून उभे होते. एकेक उपटून शेजारी मांडत गेलो. सतरा निघाले. बहुतेक बाभळीचे.

ट्यूब आत गेली, कड खाचेत ढकलत व्हॉल्व्हपाशी आणली, हातानेच चढली. खाली दगडांची दीड तासाची वाट होती आणि आता टायरमध्ये ट्यूब होती. छोटा पंप काढला आणि हात भरून येईपर्यंत टाईट मारली.