आकाशवाणीची कर्मचारी-निर्देशिका : अचूकतेचे तीन प्रश्न

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका प्रसिद्ध करून ती दरवर्षी अद्ययावत करावयाची असते. प्रसार भारतीच्या कक्षेतील आकाशवाणीसही हे बंधन आहे.

भाषिक दृष्टीने पाहता निर्देशिकेतील नोंद म्हणजे पदनाम व विशेषनाम यांची जोडणी होय. पदनाम टिकाऊ असते. विशेषनाम मात्र बदली वा निवृत्ती होताच असत्य ठरते. म्हणून वार्षिक दुरुस्ती ही किमान मर्यादा समजावी. नोंद पदाखाली करावी, तिच्यापुढे पडताळणीचा दिनांक द्यावा आणि बदलीच्या आदेशाची प्रत निर्देशिका सांभाळणाऱ्याकडे जावी.

दुसरा प्रश्न वर्णक्रमाचा. 'क्ष' हा वर्ण काही कोशांत 'क'खाली, तर काहींत 'ह'नंतर येतो. क्रम आरंभी सांगितला नसल्यास 'क्षीरसागर' हे आडनाव असूनही सापडत नाही.

तिसरा प्रश्न स्थळाचा. ठाणे शहरास मुंबईचाच ०२२ हा संकेतांक आहे, कल्याण-डोंबिवलीस ०२५१. संकेतांकावाचून छापलेला मुंबई केंद्राचा क्रमांक ठाण्याच्या घरगुती दूरध्वनीवरून लागेल, डोंबिवलीच्या लागणार नाही.

रिकामी जागा श्रोत्यास निदान चौकशीस प्रवृत्त करते. शिळी नोंद मात्र त्याचे पत्र तेथे नसलेल्या व्यक्तीकडे धाडते, आणि उत्तर न आल्यास तो संस्थेलाच उदासीन मानतो.