तैलचित्राचें आयुष्य

ज्यांच्या घरीं एखाद्या पूर्वजाचें तैलचित्र असेल, त्यांनीं तें एकदां उजेडांत नीट न्याहाळावें. मुद्रा ओळखीचीच; परंतु कपाळावर व अंगरख्यावर बारीक भेगांचें जाळें पुष्कळदां दिसेल. याचा दोष आपण हवेला देतों. आमच्या मतें तो बहुधा रंग चढविण्याच्या क्रमांत असतो.

पाणी वाळतें तें उडून जाऊन. जवसाचें तेल तसें वाळत नाहीं. तें हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें, म्हणून आरंभीं त्याचें वजन उलट वाढतें! टर्पेंटाईन मात्र पाण्याप्रमाणें उडून जातें. ज्या थरांत तेल कमी, तो लौकर वाळून ताठर होतो. ज्यांत अधिक, तो सावकाश वाळतो व लवचिक राहतो. यास्तव पहिला थर टर्पेंटाईननें पातळ केलेला आणि वरचे थर उत्तरोत्तर अधिक तेलाचे असावेत. संस्कृतांत तेलास ‘स्नेह’ म्हणतात. तो येथें वरच्याकडे वाढता हवा. क्रम उलटला कीं वरचा थर ताठ होऊन बसतो, खालचा अद्याप हलत असतो. मग भेग पडल्यावांचून कशी राहील? हातास कोरडा लागलेला थर आंतूनही वाळला असें समजूं नये.

जवसाच्या तेलाचा पापुद्रा चिवट, पण तो पिवळा पडतो, विशेषतः अंधारांत. खसखशीचें तेल फिकट, म्हणून पांढऱ्या-निळ्या रंगांस सोयीचें. परंतु तें फार सावकाश वाळतें, सबब खालच्या थरांत नको. खोबरेल तर वाळतच नाहीं. स्वयंपाकघरांतील बुधल्याकडे वळणाऱ्या घरच्या बालचित्रकारांस हें अवश्य सांगावें.

व्हान आइक बंधूंचें गेंट येथील वेदीचित्र १४३२ सालीं पुरें झालें. २०१२ पासून त्याची सफाई सुरू झाली, तेव्हां मागाहून कोणीं चढविलेल्या रंगाखालीं मूळचे रंग तेजस्वी आढळले. याउलट जेरिकोचें ‘मेड्यूसाचा तराफा’ हें लूव्ह्र संग्रहालयांतील चित्र १८१९ चें, म्हणजे पुष्कळच अलीकडील. गडद छायेसाठीं त्यानें डांबर वापरलें. डांबर पुरतें वाळत नाहीं आणि काळवंडत जातें. त्या छायांतील बारकावे आज ओळखूं येत नाहींत.

शेवटचें व्हार्निश सहा महिने ते वर्षभर थांबून द्यावें. मुंजीच्या मुहूर्तापूर्वीं चित्र चकाकून हवें, असा आग्रह धरणारे यजमान आम्हीं पाहिले आहेत. चित्रकारानें त्यांस स्पष्ट नकार द्यावा. तोंवर चित्र धुळीपासून जपावें, पण अंधाऱ्या कपाटांत कोंडूं नये.